पुंजाची हमी

अंबडच्या एमआयडीसीत नवसाबाईची मेस कुठं आहे, असं कुणाला विचारावं लागत नाही. दुपारी साडेबाराला लसणाची फोडणी बसली की दोन गल्ल्यांतले कामगार नाकाच्या मागं मागं येतात. पत्र्याची शेड, सहा बाकडी, पाण्याचा पिंप, भिंतीवर सप्तशृंगीचा फोटो, आणि या साऱ्या राज्याची महाराणी म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची नवसाबाई. माहेर सायखेड्याचं. नवरा गेला तेव्हा मुलगा धनराज पाचवीत होता. तेव्हा लाटणं हातात धरलं, ते आजतागायत खाली ठेवलेलं नाही. बोलायला लागली की द्वारका चौकाचा सिग्नल सुटल्यासारखं होतं, कुठून काय अंगावर येईल नेम नाही. सगळे तिला मावशी म्हणतात. पन्नाशीचे सुपरवायझरसुद्धा.

ताट बघितलं की माणूस कळतो, हे तिचं शास्त्र. आधी भात कालवणारा उतावळा. पोळीचे काठ सोडणारा आईचा लाडका. कांदा मागून घेऊन न खाणारा, तो सकाळी बायकोशी भांडून आलेला. हे शास्त्र कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत, पण मावशीचा अंदाज सहसा चुकत नाही. चुकला तरी ती कबूल करत नाही, ही गोष्ट वेगळी.

अकरा वर्षांपूर्वी पुंजा गावित तिच्या मेसमध्ये पहिल्यांदा जेवायला बसला, तेव्हा मात्र तिचं शास्त्र पार थकलं. पेठकडच्या डोंगरातला तिशीचा गडी. लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करायचा. ताटात काही सोडत नव्हता, काही मागत नव्हता, कुणाशी बोलत नव्हता. महिनाभर असंच चाललं. मग एके दिवशी त्यानं खिशातून व्हर्निअर काढला, मापं घ्यायचा तो स्टीलचा दांडा, आणि मान तिरकी करून भाकरीची जाडी मोजली.

"मावशी, इकडं पाच पॉइंट दोन भरती, तिकडं सहा पॉइंट एक."

नवसाबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. "मेल्या, ती भाकर हाय का बेरिंग? माझ्या सासूनं कधी माप लावलं नाय, तू कोण रे टिकोजीराव?"

पुंजा घाबरला नाही. "चांगली हाय. फक्त सारखी नाय."

रात्रभर तिला ते लागून राहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः त्याच्यापुढं भाकरी आदळली. "घाल माप!" त्यानं चार ठिकाणी मोजली, मान हलवली आणि म्हणाला, "पास." टाळ्या पडल्या. तेव्हापासून पहिली भाकरी पुंजाकडं तपासायला जाऊ लागली. बदल्यात पुंजा तिचा मिक्सर नीट करायचा, डगमगणाऱ्या बाकड्याच्या पायाखाली बेतशीर पत्रा सरकवायचा, अडकणारं शटर सुतासारखं सरळ करायचा. मिरचीचा ठेचा केला की त्यातला एक गोळा ती त्याच्यासाठी वाटीत झाकून ठेवायची. दोघांत बोलणं म्हणाल तर दिवसाला दहा वाक्यांचं. त्यातली सहा तिची शिवीगाळ.

अशी नऊ-दहा वर्षं गेली. मग गेल्याच्या मागच्या हिवाळ्यात पुंजा ताटात सोडायला लागला.

आधी अर्धी भाकरी, मग दीड. मोजायचा, पुन्हा मोजायचा, पुन्हा पुन्हा मोजायचा आणि न खाता उठायचा. कधी हात धुता धुता विजेच्या तारेकडं बघत उभा राहायचा. मध्येच म्हणायचा, "ऑर्डर आलीय. परदेशातनं. कुणाला सांगू नको." नवसाबाईला पहिल्या दिवशीच कळलं होतं की काहीतरी बिनसलंय. पण तिचा दुसरा एक नियम होता: गिऱ्हाईकाच्या ताटात बघावं, घरात बघू नये. ती तीन आठवडे गप्प बसली. त्यानंतर पुंजा यायचाच बंद झाला. कंपनीनं त्याला कामावरून काढलं, असं कुणीतरी सांगितलं.

आणि मग एका शनिवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, त्यानं तो पराक्रम केला. आपल्याच जुन्या कारखान्याच्या भिंतीवरून आत उडी मारली, लेथ चालू केला आणि सहा तास खपून एकशे बत्तीस बुश, यंत्रात बसवायच्या धातूच्या छोट्या नळ्या, काढले. चोर लोखंड चोरून नेतात, यानं आत घुसून फुकट काम केलं! वॉचमन आला तेव्हा पुंजा माल खोक्यात भरत होता. "ऑर्डर निघायचीय, गाडी थांबलीय," म्हणत त्यानं वॉचमनला बाजूला ढकललं. वॉचमन यंत्राच्या कठड्यावर पडला आणि त्याचं मनगट मोडलं. पोलिस आले. नंतर कारखान्यातल्या कुणीतरी सहज बुश तपासले. एकशे बत्तीसच्या एकशे बत्तीस मापात होते. पण बेकायदा घुसणं ते घुसणं आणि मोडलेलं मनगट ते मोडलेलं मनगट. गुन्हा दाखल झाला.

पुढचं नवसाबाईला उडत उडत कळत राहिलं. पुंजाला जेलमध्ये ठेवलं, मग सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार वॉर्डात. ती नुसती हळहळायची. गिऱ्हाईक आपलं, पण आपण त्याचे कोण?

याचं उत्तर एक दिवस स्कूटीवरून आलं. काळा कोट, तिशीची बाई, हेल्मेट काखेत. तिचं नाव मोहिनी, गरिबांना सरकारकडून फुकट मिळतात त्यांतली वकील.

"नवसाबाई कोण?" तिनं विचारलं. "पुंजा गावितला मी विचारलं, घरचं कोण आहे? त्यानं कागदावर हे लिहून दिलं." कागदावर लिहिलं होतं: नवसाबाई, मेस, अंबड.

नवसाबाईची तव्यावरची पोळी करपली. बरं, तिच्या हयातीत पोळी करपल्याचं दुसरं उदाहरण नाही.

मोहिनीनं बाकड्यावर बसून सगळं फोड करून सांगितलं. पुंजाचं डोकं ठिकाणावर नव्हतं, कोर्टात काय चाललंय हे त्याला कळत नव्हतं, म्हणून खटला थांबला. थांबला म्हणजे सुटला नाही. तो दोषीही नाही, निर्दोषही नाही, मध्येच लटकलाय. आता डॉक्टर म्हणतात, सुधारलाय, वॉर्डात ठेवायची गरज नाही. गोळ्या नेमानं घेतल्या, पंधरा दिवसांनी दाखवायला आणलं, तर बाहेर राहू शकतो. कायद्यात सोय आहे. नातेवाइकानं किंवा मित्रानं हमी द्यायची की मी याचे उपचार चालू ठेवीन, याच्या हातून याला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होऊ देणार नाही, बोलवाल तेव्हा हजर करीन.

"आणि कोणी हमी नाही दिली तर?"

"मग कुठल्या तरी संस्थेत पाठवतील. तिथं गेलेल्या माणसाची कुणी वाट बघत नसेल, तर तो कधी बाहेर येतो हे मी तुम्हाला नाही सांगू शकत, मावशी."

पुंजाचा भाऊ बहिरू गावाहून कोर्टात येऊन गेला होता. भात-नागलीचं काम उरकलं की तो बायकोला घेऊन द्राक्षबागांवर मजुरीला जातो, घराला सहा महिने कुलूप. "मी नेतो त्याला," म्हणत ढसाढसा रडला, "पण आमी दिवसभर बागंत. त्याला गोळी कोण देल? त्याच्यावर ध्यान कोण ठेवंल?" त्याचंही काही चुकलं नव्हतं.

घरी धनराजनं आकाशपाताळ एक केलं. "आई, तुला काय पडलंय? मेसमध्ये रोज साठ माणसं जेवतात, उद्या साठांची हमी घेशील?" सून मीना तोंड टाकून बोलणारी नाही. ती शांतपणे म्हणाली, "आई, तो वाईट नाही हे मलाही माहिती आहे. पण घरात पाच वर्षांची सृष्टी आहे. मला भीती वाटते आणि ती खोटी नाही."

नवसाबाई मीनाला रागावली नाही. भीती खोटी नव्हतीच. तिनं तोडगा काढला: पुंजा घरात नाही राहणार. मेसच्या मागं खोली आहे, तिथं राहील. शेजारच्या खोलीत देवराम भाड्यानं राहतो, हाक मारली तर ऐकू जाते. हा देवराम एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे, दोन्ही वेळचा जेवायला मेसमध्ये, आणि पुंजाचा जुना ओळखीचा. तो लगेच हो म्हणाला. धनराज रुसला, पण तारखेच्या दिवशी आईला मोटरसायकलवरून कोर्टात सोडायला आला. रुसला तरी पोरगा तिचाच होता.

कोर्टाच्या पायरीवर मोहिनीनं तिला पढवलं. "साहेब विचारतील, आरोपी तुमचा कोण? सांगायचं, मित्र."

"अगं बाई!" नवसाबाईनं पदर तोंडाला लावला. "मी विधवा बाई. भर कोर्टात सांगू, हा बाप्या माझा मित्र? सायखेड्याला कळलं तर भाऊ उंबरा चढू देणार नाय!"

"मावशी, कायद्यातला मित्र हो!"

"मित्र कायद्यातला असो नायतर बांधावरचा. माझ्या जिभेवर नाय येणार."

आणि नाहीच आला. न्यायाधीश साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं तेव्हा तिनं ठणकावून सांगितलं, "मी त्याची मावशी."

साहेबांनी कागद चाळले. "आईची बहीण? सख्खी?"

"नाय साहेब. मेसची."

मागच्या बाकांवर हशा पिकला. साहेबांच्याही ओठाचा कोपरा हलला. "बरं. यांना गोळ्या वेळेवर कशा देणार? वॉर्डाचा अहवाल सांगतो की ते गोळी घ्यायला तयार नसतात. दोन माणसं समोर उभी राहिली तरच घेतात, नाहीतर गालात ठेवून थुंकतात."

हा प्रश्न तिला फारच सोपा वाटला. स्वयंपाकात तर तिचा हातखंडा! "त्याचं काय एवढं? बारीक कुटून आमटीत घालीन. त्याच्या बापाला कळणार नाय."

मोहिनीनं डोळे मिटले. अहवाल घेऊन आलेले वॉर्डाचे डॉक्टर जागचे उठले. न कळवता औषध द्यायचं नाही, त्यांनी सांगितलं. एक दिवस कमी जेवला तर डोस कमी, दोन वाट्या प्यायला तर जास्त. आणि ज्याला आधीच वाटतं की लोक आपल्यापासून काहीतरी लपवताहेत, त्याला अन्नातून औषध घातल्याचं कळलं तर तो जेवणही सोडेल. साहेबांनी मान डोलावली. "बाई, तुमचा हेतू चांगला आहे. पण फसवूनच गोळी द्यायची असेल तर आरोपी आहेत तिथंच बरे आहेत. पंधरा दिवसांनी या. ते तुमच्या हातून, स्वतःच्या मर्जीनं गोळी घेतात हे दाखवा. नाहीतर मला दुसरा आदेश करावा लागेल."

बाहेर येऊन नवसाबाईनं स्वतःलाच चार शिव्या दिल्या. "आमटीत घालते म्हणं! मोठी सुगरण!" नारळ फोडायला गेली आणि कपाळ फोडून आली, अशी तिची गत झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून तिचा नवा दिनक्रम सुरू झाला. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. सकाळची गोळी आठला, रात्रीची सातला. ती पहाटे पोळ्या उरकून सिटी बसनं दवाखान्यात, तिथून परत मेस, संध्याकाळी पुन्हा दवाखाना. पहिल्या दिवशी पुंजा तिला पटकन ओळखूच आला नाही. गालफडं बसली होती, दाढी कुणीतरी वेडीवाकडी केली होती. पण त्यानं तिला ओळखलं.

"मावशी, भाकर आणली?"

"आणली. आधी गोळी घे."

पुंजानं गोळी तळहातावर घेतली, बराच वेळ उलटीपालटी केली आणि परत तिच्या हातात ठेवली. "हिचं इन्स्पेक्शन झालं नाय."

तिनं समजावलं, दटावलं, सप्तशृंगीची शपथ घातली. पुंजा जागचा हलला नाही. "कागद नाय, माप नाय, कुणाची सही नाय. असा माल मी मशीनला लावत नाय, पोटात कसा घालू?"

त्या दिवशी सकाळची गोळी शेवटी वॉर्डातल्या दोन माणसांनी दिली. नवसाबाई डोकं धरून मेसमध्ये बसली आणि देवरामपुढं गाऱ्हाणं गायलं. देवराम खदखदा हसायला लागला.

"हसतो काय रे मुडद्या?"

"मावशी, तो बरोबर बोलतोय! आमच्याकडं साधा नट आला तरी कागदाशिवाय आत घेत नाही. काय माल, किती माप, कोणी तपासला, कोणी सही केली, सगळं लागतं. वीस वर्षं हेच करत आलाय तो. पांढरी गोळी कुणीतरी हातावर ठेवतं आणि म्हणतं, गीळ. कोण गिळेल?"

नवसाबाई विचारात पडली. खरंच की! आणि आपण ती आमटीत लपवायला निघालो होतो.

संध्याकाळपर्यंत देवरामनं कारखान्यात असतो तसा तक्ता आखला. वर मालाचं नाव: गोळी, औषधाच्या नावासकट. माप: सात मिलिमीटर. नग: एक. खाली तारखांचे खाने, सकाळ आणि रात्र. शेवटी दोन सह्या: घेणारा, तपासणारा. डॉक्टरांनी तो उलटसुलट बघितला. नवसाबाईला वाटलं, आता हे ओरडणार. पण ते म्हणाले, "यात खोटं काहीच नाही. उलट त्याला सगळं सांगितलंय. बघा करून." शाळकरी मुलं वापरतात तसा प्लास्टिकचा व्हर्निअर देवरामनं आणून दिला. दारावरच्या हवालदारानं तो हत्यार तर नाही ना म्हणून स्वतःच्या बोटावर लावून पाहिला आणि नाइलाजानं सोडला.

पुंजानं तक्ता अथपासून इतिपर्यंत वाचला. गोळी मोजली. सात. खान्यात "ओके" लिहिलं, सही केली, पाण्याबरोबर गोळी गिळली आणि तोंड उघडून दाखवलं. मग पेन तिच्यापुढं केलं. "तू तपासणार ना? कर सही." नवसाबाई तिसरीपर्यंत शिकलेली. जीभ बाहेर काढून एकेक अक्षर लिहीत तिनं सही केली. बसमध्ये बसल्यावर तिला इतकं हसू आलं की कंडक्टरनं तिकिटाऐवजी तिच्याकडंच बघितलं.

नऊ दिवस एकही खाना रिकामा गेला नाही. हवालदारसुद्धा विचारायला लागला, "काय पुंजाभाऊ, आजचा माल पास?" नवसाबाईला वाटलं, जिंकलो! आणि दहाव्या दिवशी माशी शिंकली.

दवाखान्यात गोळ्यांचा नवा साठा आला. औषध तेच, कंपनी दुसरी. पुंजानं माप घेतलं. नऊ मिलिमीटर. त्यानं शांतपणे खान्यात लिहिलं, "रिजेक्ट." रात्री पुन्हा "रिजेक्ट." दुसऱ्या दिवशी दोनदा तेच. डॉक्टरांनी सांगितलं, नर्सनं सांगितलं, वॉर्डातली दोन माणसं समोर उभी राहिली तरी त्यानं तोंड उघडलं नाही, नवसाबाईनं हात जोडले. तो म्हणायचा, "मावशी, कागदावर सात लिवलंय." दुसऱ्या दिवशी रात्री त्याचा डोळा लागला नाही, पुन्हा खिडकीबाहेरच्या तारेकडं बघत बसला. डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. तारखेला चार दिवस उरले होते.

ती देवरामकडं धावली. "देवराम, तुमच्यात मापच बदललं तर काय करता रे?"

"गिऱ्हाईक मापांचं नवं ड्रॉइंग पाठवतं. जुन्यावर काट मारतात, नवं माप, कारण आणि सही. सही ज्यानं ऑर्डर दिली त्याची लागते, आपली चालत नाही."

"मग ऑर्डर कुणाची? डॉक्टरची!"

तिसऱ्या दिवशी सकाळी सातलाच ती डॉक्टरांच्या दाराशी उभी. डॉक्टरांनी तक्त्यावर सातला काट मारली, नऊ लिहिलं, खाली लिहिलं, "औषध तेच, बनवणारी कंपनी बदलली म्हणून आकार मोठा," आणि सही ठोकली. पुंजानं वाचलं. "हे आधीच करायचं ना," तो किंचित चिडून म्हणाला, आणि गोळी घेतली. नवसाबाईनं लगेच तपासणाऱ्याच्या जागी सही केली.

तारखेच्या आदल्या दिवशी धनराजनं तक्ता पाहिला. "आई, हे चार रिजेक्टवाले खाने कोर्टात कशाला दाखवतेस? नवा तक्ता आखू. सगळं ओके."

"तू बी आमटीतच घालायला निघाला का?" ती एवढंच म्हणाली. धनराजला काही उमगलं नाही, पण आईचा आवाज ऐकून त्यानं वाद घातला नाही.

कोर्टात साहेबांनी तक्ता बराच वेळ बघितला. त्यांचं बोट चार खान्यांवर थांबलं. नवसाबाईनं सगळं सांगितलं, डॉक्टरांनी दुजोरा दिला. "हे खाने तुम्हाला गाळता आले असते," साहेब म्हणाले.

"आले असते. पण मग बाकीच्या खान्यांवर तुम्ही कशाला विश्वास ठेवला असता?"

साहेब पहिल्यांदा मोकळेपणानं हसले. मोहिनीनं सुटकेचा श्वास टाकला. साहेबांनी लेखणी उचलली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, हवालदाराबरोबर आलेल्या पुंजाकडं वळून विचारलं, "तुम्हाला यांच्याकडं जायचं आहे ना?"

"नाय," पुंजा म्हणाला.

नवसाबाईला वाटलं, आपल्या कानांनी दगा दिला.

पुंजा खाली बघत बोलत होता. "तो वॉचमन. त्याचा हात मोडला. माझ्या हातानं. मला तेव्हा कळलं नाय. परत तसं झालं, न कळता, आन् मावशीला लागलं तर? तिचा हात मोडला तर?" त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले. "मी हितंच बरा."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "बाई, आरोपीचा प्रश्न बरोबर आहे. मीही तोच विचारणार होतो. तुम्ही इजा टाळणार कशी?"

मोहिनीनं काहीही पढवलं नव्हतं. नवसाबाई कठड्याला धरून उभी राहिली.

"साहेब, हा एका दिवसात आजारी नाय पडला. तीन आठवडे ताटात सोडत होता. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी गप्प बसले. म्हणलं, गिऱ्हाईकाच्या भानगडीत कशाला पडा? तेव्हा मी याचा हात धरून डॉक्टरकडं नेलं असतं, तर त्या वॉचमनचं मनगट शाबूत असतं आन् हा पण घरी असता. चूक याच्या डोक्याची हाय, माझ्या तोंडाची बी हाय." तिनं डोळे पुसले नाहीत. "आता नाय गप्प बसणार. झोपला नाय, जेवला नाय, तारेकडं बघाया लागला की त्याच दिवशी दवाखान्यात. देवराम शेजारी हाय. आणि पुंजा, ऐक. मला भ्या वाटतं. नाय कशाला म्हणू? पण तू हितं अन् मी तिथं, ह्याचं भ्या जास्त वाटतं."

साहेबांनी कागद पुन्हा पुढं ओढला. "मागच्या वेळी कागदावर एक जागा रिकामी राहिली होती. आरोपी तुमचा कोण?"

तिनं मागं बघितलं. धनराज बसला होता, मोहिनी होती, अनोळखी पंचवीस माणसं होती. "दोस्त," ती म्हणाली, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी. कुणीही हसलं नाही.

साहेबांनी आदेश सांगितला. कारकुनानं हमीपत्र पुढं सरकवलं आणि नवसाबाईनं सावकाश सही केली. कारकून कागद ओढणार, तेवढ्यात पुंजा म्हणाला, "मला वाचू द्या."

कारकून वैतागला, पण साहेबांनी खुणेनं द्यायला सांगितलं. पुंजानं बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. "कोणालाही इजा होऊ देणार नाही," या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"यात माझी सही कुठंय?"

"आरोपीची सही लागत नाही," कारकून म्हणाला. "हमी देणाऱ्याचीच लागते."

"हात तर माझे हायेत," पुंजा म्हणाला. "ही एकटी काय काय धरील?"

कारकुनानं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "घ्या त्यांचीही सही," ते म्हणाले. "खाली जागा आहे."

नवसाबाईच्या वेड्यावाकड्या अक्षरांखाली पुंजानं आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग त्यानं पेन कारकुनाला परत दिलं, आणि नवसाबाई भर कोर्टात, कोण काय म्हणेल याची पर्वा न करता, हुंदके देऊन रडली.